परसातील बीट आणि त्याच्या बियाण्याचे माहेर

शहरातल्या माणसाला बीट ठाऊक आहे ते बशीतल्या चकत्यांमुळे. काकडी, टोमॅटो आणि कांद्याच्या शेजारी चार लाल चकत्या मांडलेल्या असतात आणि पुष्कळदा जेवण संपले तरी त्या तशाच राहतात. डॉक्टरांनी सांगितले म्हणून खाणारे काही आहेत, मुलांच्या पोटात जावे म्हणून पराठ्यात किंवा कटलेटात लपवून घालणाऱ्या मातोश्रीही आहेत. परंतु आवडीने बीट खाणारा माणूस आमच्या पाहण्यात थोडा. याचा दोष आम्ही खाणाऱ्याला देत नाही. बाजारात येणारे बीट बहुधा जून झालेले, मुठीपेक्षा मोठे आणि काढून आठवडा लोटलेले असते. लिंबाएवढे, सकाळी उपटलेले आणि दुपारी पानात आलेले बीट ज्याने एकदा खाल्ले त्याचे मत निराळे असते. असे बीट विकत मिळत नाही, ते लावावे लागते. आणि लावायचे म्हटले की बियाण्याचा प्रश्न येतो. आज आम्हांला बोलावयाचे आहे ते मुख्यतः या दुसऱ्या प्रश्नाविषयी.

बोलण्याला एक ठिकाण हवे म्हणून आम्ही हिर्डोशी निवडली आहे. भोरहून वरंधा घाटाने महाडकडे जाऊ लागले म्हणजे नीरेच्या खोऱ्यात हे गाव लागते. हिरड्याच्या झाडांवरून या मुलखाला हिरडस मावळ म्हणू लागले असे सांगतात, आणि हिर्डोशी या नावातही तो हिरडा ऐकू येतो. बांदल देशमुखांचे आणि बाजीप्रभूंचे हे मावळ. येथला माणूस पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी पुण्या-मुंबईस गेला, पण घर आणि परस त्याने गावीच ठेवले. नीरा-देवघर धरण झाल्यावर खोऱ्याच्या तळाशी पाणी पसरले आणि वरच्या उताराच्या जमिनीला आणि घरामागच्या तुकड्याला पूर्वीपेक्षा अधिक मोल आले. आपल्यापैकी ज्यांचे असे एखादे घर भोर-वेल्ह्याच्या डोंगरात आहे, आणि दिवाळीला चार दिवस तिकडे जाणे होते, त्यांना पुढचे विवेचन उपयोगी पडेल. ज्यांचे नाही, त्यांच्या गच्चीवर कुंड्या असतीलच.

प्रथम ही वनस्पती कोण, ते पाहू. बिटाचे मूळ कूळ समुद्रकाठचे आहे. युरोपच्या अटलांटिक आणि भूमध्य किनाऱ्यांवर खाऱ्या वाऱ्यात वाढणारे एक रानटी बीट आजही आढळते. बागेतले लाल बीट, साखरेचे पांढरे बीट, गुरांना घालायचे बीट ही सारी त्याचीच लेकरे. ग्रीक आणि रोमन लोक त्याची पाने भाजीसाठी व मुळे औषधासाठी वापरीत. आज आपण पाहतो तसा गोल, जाड, लाल कंद युरोपात पुष्कळ पुढे, सोळाव्या शतकापासून रूढ झाला. साखरेची गोष्ट त्याहून अलीकडची. मार्ग्राफ नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १७४७ मध्ये बिटातून साखर काढून दाखविली, त्याचा शिष्य आखार्ड याने १८०१ मध्ये सायलेशियात पहिला कारखाना काढला, आणि इंग्रजांच्या आरमाराने उसाची साखर अडविल्यावर नेपोलियनने १८११ मध्ये फ्रान्समध्ये बिटाची लागवड सक्तीने वाढविली. प्रवरानगरच्या उसाच्या साखरेवर वाढलेल्या आपल्या महाराष्ट्राला ही सोयरीक थोडी चमत्कारिक वाटेल, पण ती खरी आहे.

याहून जवळची एक सोयरीक आहे आणि ती आपल्या रोजच्या जेवणातली आहे. भाजीवाली ज्याला पालक म्हणून जुडी देते, तो आपला देशी पालक वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बीटच होय. जात एकच, एकाने कंद वाढविला, दुसऱ्याने पाने. विलायती पालक म्हणून जो दुसरा आहे, त्याची प्रजाती निराळी. म्हणून बिटाचा कोवळा पाला पालकासारखा शिजतो यात नवल नाही. नवल एवढेच, की आपण तो देठासकट उकिरड्यावर टाकतो. चाकवत, राजगिरा, माठ ही मंडळीही याच गोतातली. लाल माठाचा आणि बिटाचा रंगदेखील एकाच वर्गातला आहे. कोकमाचा किंवा जांभळाचा तांबूस-जांभळा रंग वेगळ्या द्रव्याचा. बिटाचे द्रव्य बोगनवेल, गुलबक्षी आणि निवडुंगाच्या बोंडात सापडते. काही माणसांनी बीट खाल्ले की लघवीला लाल होते आणि घरात घबराट उडते. ते रक्त नव्हे, हाच रंग होय. मात्र बीट खाल्ले नसताना तसे दिसले तर वैद्याकडे जाण्यास विलंब करू नये.

आणखी एक कुतूहलाची गोष्ट. बिटाला मातीचा वास येतो अशी तक्रार असते. ती तक्रार अगदी शास्त्रशुद्ध आहे. वळवाच्या पहिल्या सरीनंतर जो मृद्गंध सुटतो, त्यातले प्रमुख द्रव्य आणि बिटातले गंधद्रव्य एकच. ज्या वासासाठी कवी वेडे होतात त्याच वासासाठी मुले ताट सरकवितात, असा हा न्याय! हे द्रव्य आंबटाने मोडते. म्हणून कोशिंबिरीत दही, उसळीत चिंच, चकत्यांवर लिंबू ही आपल्या स्वयंपाकघरातली रीत रसायनशास्त्र न शिकताही बरोबर ठरते.

आता वाणाकडे येऊ. आपल्याकडे वर्षानुवर्षे शिफारस होत आलेले बिटाचे वाण म्हणजे डेट्रॉईट डार्क रेड आणि क्रिम्सन ग्लोब. यांतल्या पहिल्याचा इतिहास स्पष्ट आहे. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात पोर्ट होप येथे एका बागाइतदाराने जुन्या लाल बिटातून निवड करीत हा वाण घडविला आणि डेट्रॉईट शहराच्या फेरी कंपनीने तो १८९२ मध्ये बाजारात आणला. म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षे हे बियाणे एका हातातून दुसऱ्या हातात जात आले आहे. अशा वाणाला आम्ही पिढीजात वाण म्हणतो. बियाण्याच्या दुकानात त्याला नुसते ‘सरळ वाण’ म्हणतात, आणि तो शब्द चांगला आहे. सरळ वाणाचे बी धरले तर पुढच्या पिढीत आईबापासारखीच लेकरे येतात. संकरित वाणाचे तसे नाही. दोन वेगळी घराणी मुद्दाम एकत्र आणून पहिली पिढी विकावयाची, ही संकराची रीत. त्या पिढीत जोम असतो, एकसारखेपणा असतो, पण तिचे बी धरून पेरले की एकाचे तोंड पूर्वेला तर दुसऱ्याचे पश्चिमेला. म्हणून दर वर्षी दुकानात जावे लागते.

संकरित बियाण्याला आम्ही नावे ठेवीत नाही. एक एकर बीट एकाच दिवशी काढून एकाच ट्रकात भरावयाचे असेल, तर एकसारखेपणा हा गुणच आहे. परसात मात्र तो अवगुण ठरतो. पाच माणसांच्या घरात एकाच आठवड्यात दीडशे बिटे तयार झाली तर त्यांचे करायचे काय? सरळ वाणातली रोपे थोडी मागेपुढे येतात. आज सहा काढली, चार दिवसांनी आणखी सहा. घराला हेच हवे असते. किंमतही थोडी. आणि ते कुणाचे खाजगी धन नाही. ज्याला जमेल त्याने त्याचे बी धरावे. हे ‘जमेल त्याने’ म्हणजे कुणी, ते पुढे सांगू.

हिर्डोशीच्या परसाकडे पाहिले म्हणजे बिटाच्या दृष्टीने दोन गोष्टी अनुकूल आणि दोन प्रतिकूल दिसतात. अनुकूल अशा की दिवाळीनंतरची हवा त्याला मानवते. दिवसा ऊब आणि रात्री गारठा, पंधरा ते पंचवीस अंशांच्या आसपास कंद रंगाने आणि गोडीने भरतो. दुसरे असे की माती उथळ असली तरी चालते. गाजराला खोल भुसभुशीत जमीन लागते, कारण गाजर हे खरेखुरे मूळ आहे. गोल बिटाचा बराचसा भाग हा मुळाचा नसून मूळ आणि पाने यांच्यामधल्या खोडक्याचा असतो. तो जमिनीच्या तोंडाशी, निम्मा वर उघडा राहूनच फुगतो. म्हणून मुरमावर वीतभर माती असलेल्या उताराच्या तुकड्यातही बीट येते. भाताच्या खाचरात मात्र आम्ही लावणार नाही. चिखलणीने तळाशी घट्ट थर बसलेला असतो, त्यावर पाणी साचते आणि कंद वेडेवाकडे होतात.

प्रतिकूल गोष्टी पावसाने केलेल्या आहेत. घाटमाथ्यालगतच्या या मुलखात पाऊस मीटरनेच मोजावा. चार महिन्यांत तो मातीतला चुना आणि क्षार धुऊन नेतो, आणि मागे राहते ती तांबडी, आंबट माती. समुद्रकाठच्या या वनस्पतीला आंबट माती मुळीच सोसत नाही. रोपे पिवळट राहतात, बोटाएवढी होऊन थांबतात, आणि माणूस म्हणतो, बियाणे वाईट होते. त्यावर उपाय घरातच आहे. चुलीची राख चाळून दर चौरस मीटरला दोन मुठी, पेरणीच्या पंधरा दिवस आधी मातीत मिसळावी. राखेत चुना आहे, पालाश आहे. आंबटपणा मरतो आणि कंदाला खाद्यही मिळते. भाताच्या रोपासाठी राब भाजणाऱ्या मावळ्याला राखेचे महत्त्व आम्ही सांगावे असे नाही; फक्त ती राख भाजीच्या वाफ्यालाही द्यावी, एवढेच.

दुसरी उणीव डोळ्यांना दिसत नाही. पावसाबरोबर बोरॉन नावाचे द्रव्यही धुपून जाते. वनस्पतीला ते चिमूटभरच लागते, पण बिटाला इतर भाज्यांहून अधिक. ते न मिळाले तर वरून धडधाकट दिसणारे बीट कापल्यावर आत काळे, बुचासारखे डाग निघतात. आपला टाकणखार म्हणजे बोरॉनचाच क्षार. चार चौरस मीटरच्या वाफ्याला पाच-सहा ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर, बादलीभर पाण्यात विरघळवून झारीने द्यावा. येथे हात सैल सोडू नये. जे द्रव्य चिमटीने औषध असते तेच मुठीने विष होते. जादा टाकणखाराने त्याच वाफ्यात पुढचा घेवडा जळेल.

वाफा चार मीटर लांब, एक मीटर रुंद, थोडा उंच करून घ्यावा. शेणखत पूर्ण कुजलेले हवे. ताजे शेण घातले तर कंदाला फाटे फुटतात आणि पालाच माजतो. बी पाहिले तर ते खडबडीत, तपकिरी, वाटाण्याहून लहान गोळी असते. ही गोळी म्हणजे एक बी नव्हे. दोनपासून पाचपर्यंत बिया एकत्र चिकटून झालेला तो झुबका असतो. म्हणून एकेक गोळी टाकली तरी रोपांचा झुपका उगवतो आणि विरळणी ही चुकत नाहीच. साखरेच्या बिटात एका गोळीत एकच बी असलेली झाडे सावित्स्की या शास्त्रज्ञाला १९४८ मध्ये अमेरिकेत ओरेगॉन येथे सापडली आणि तेथल्या शेतकऱ्यांचे विरळणीचे कंबरडे मोडणारे काम पुढे हलके झाले. परसात आपल्याला त्याची गरज नाही. उपटलेली रोपे ही पहिली भाजीच असते.

गोळीच्या सालीत उगवण रोखणारी द्रव्ये असतात. रानात पुरेसा पाऊस झाल्याशिवाय बी फसून उगवू नये, अशी ती निसर्गाची तजवीज. आपण ती रात्रभर पाण्यात भिजवून आणि ते लालसर पाणी ओतून देऊन मोडावयाची. मग पंचवीस सेंटिमीटरवर चार ओळी, ओळीत दर पाच सेंटिमीटरवर एक गोळी, बोटाच्या पेराएवढी खोल. सगळा वाफा एकदम पेरू नये. कोजागिरीला पहिला तिसरा हिस्सा, दिवाळीला दुसरा, त्रिपुरी पौर्णिमेला उरलेला. प्रत्येकात पंधरा दिवसांचे अंतर आपोआप पडते आणि पंचांग पाहावे लागत नाही. पौषापासून माघापर्यंत घराला पुरेल. दहा ग्रॅमची पुडी यास पुरून वर काही उरते.

आठ-दहा दिवसांत रोपे वर येतात. चार पाने झाली की दर दहा सेंटिमीटरला एक जोरदार रोप ठेवून बाकीची काढावी. तांबड्या मातीत पाणी फार टिकत नाही. आठवड्याला एकदा, पण नेमाने द्यावे. मध्येच वाळविले आणि मग भरपूर दिले तर कंद तडकतात. पालापाचोळ्याचे आच्छादन घातले की निम्मे काम हलके. पानांवर लालसर कडांचे ठिपके पडले तर तेवढी पाने खुडून जाळावी, फवारणीच्या भानगडीत पडू नये. रानडुकरांना बीट फार प्रिय आहे आणि त्यावर आमच्यापाशी कुंपणाखेरीज तोड नाही.

साठ-सत्तर दिवसांनी कंद लिंबा-संत्र्याच्या मधल्या आकाराचा होतो. तेव्हाच काढावा. पाला पिळून तोडावा, दोन बोटे देठ ठेवावा आणि शेपूट कापू नये. नाहीतर उकळताना सगळा रंग पाण्यात जातो. कापल्यावर आत कड्या दिसतात. बीट एका वेळी एकच नव्हे, तर एकाबाहेर एक अशी वाढीची अनेक वर्तुळे चालवीत असते, त्यांच्या त्या खुणा. गारठ्यात वाढलेल्या बिटात त्या जवळजवळ एकरंगी असतात. पारा तीस अंशांवर गेला की मधली वर्तुळे फिकी, पांढरट होऊ लागतात. होळीच्या सुमारास बाजारातले बीट पट्ट्यापट्ट्यांचे दिसते ते यामुळे; त्याला कुणी रंग चोळलेला नसतो.

येथवर सगळे सोपे होते. आता कुणी विचारील, की बीट इतके चांगले आले, सरळ वाणाचे बियाणे लावले, तर चार उत्तम कंद जमिनीतच ठेवून त्यांचे बी का धरू नये? घेवड्याचे धरतो, भोपळ्याचे धरतो, मग बिटाचे का नाही? प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर हिर्डोशीच्या हवेत आहे.

बीट ही दोन वर्षांची वनस्पती आहे. पहिल्या वर्षी ती कंदात शिदोरी साठविते, मधला हिवाळा सोसते, आणि दुसऱ्या वर्षी त्या शिदोरीवर कमरेएवढा दांडा काढून फुलते. मधला हिवाळा ही नुसती प्रतीक्षा नव्हे. दहा अंशांखालची थंडी काही आठवडे सलग मिळाली तरच झाडाच्या शेंड्याला फुलण्याची आज्ञा होते. ती न मिळाली तर झाड पानांवर पाने काढीत राहील, पण फुलणार नाही. हिर्डोशीला पौषात रात्री शेकोटी पेटते हे खरे, पण दुपारी अंगातला सदरा नकोसा होतो. डोंगरापलीकडचे महाबळेश्वरसुद्धा या परीक्षेत उतरत नाही. वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे दव गोठल्याची बातमी वर्तमानपत्रात येते. तथापि जानेवारीतले तेथले सरासरी किमान तापमान तेरा अंशांच्या आसपास असते. इंग्रजी अमदानीत महाबळेश्वरच्या तुरुंगातील चिनी कैदी विलायती भाज्या पिकवीत असत आणि १८६४ मध्ये तो तुरुंग बंद झाल्यावरही तेथली बागाइती राहिली. भाजी पिकविणे तेथे साधले. बिटाचे बी धरणे तेथल्या हवेत साधण्यासारखे नाही.

बरे, थंडीबरोबर दुसरीही अट आहे. थंडी भोगून झाल्यावर दिवस लांब लागतात. आपल्या अक्षांशावर वर्षातला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, आणि तो येतो जूनमध्ये, म्हणजे मृग लागून गेल्यावर. कुलू खोऱ्यात तोच दिवस चौदा तासांहून मोठा असतो. तेव्हा हिर्डोशीत कसेबसे फूल आणलेच, तरी बी भरण्याच्या आणि वाळण्याच्या दिवसांत घाटातला पाऊस उभा! दांड्यावरच्या बियांना तेथेच बुरशी चढेल किंवा मोड येतील.

तर मग आपण पुडीतून पेरतो ते बियाणे कोठून येते? दुसऱ्या महायुद्धापर्यंत ते बहुतांशी बोटीने विलायतेतून येत असे. युद्धात तो मार्ग अडला तेव्हा १९४२-४३ च्या सुमारास बलुचिस्तानात क्वेट्ट्याला थंड हवेच्या भाज्यांची बियाणी तयार करण्याचा उद्योग सुरू झाला. चार-पाच वर्षांत फाळणी झाली आणि क्वेट्टा पाकिस्तानात गेले. कोबी, सलगम, बीट यांच्या बियाण्याला देशात पुन्हा थारा उरला नाही. १९४९ मध्ये कुलू खोऱ्यात कटराईन येथे भाजीपाला-बियाण्याचे केंद्र उघडले ते या पार्श्वभूमीवर. पुढे ते दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेकडे आले. फाळणीचा इतिहास आपण माणसांच्या लोंढ्यांतून वाचतो, आणि ते योग्यच आहे. परंतु कोबीच्या एका पुडीतही तो इतिहास आहे. दक्षिणेत निलगिरीवर रात्री पुरेशा गार असतात. तेथे उटीच्या संशोधन केंद्राने ‘उटी १’ नावाचा बिटाचा वाण काढला, त्याचे वैशिष्ट्यच हे, की तो निलगिरीत बी धरतो.

म्हणजे बीट आपल्या परसात नांदते, पण बाळंतपणाला त्याला माहेरी, डोंगरात, जावे लागते. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. मात्र सासरच्यांनी माहेर ठाऊक ठेवावे. पुडी घेताना सरळ वाण आहे की संकरित, बी कोणत्या वर्षीचे, उगवण किती टक्के, हे तीन प्रश्न दुकानदाराला विचारावेत. परसासाठी सरळ वाण मागणारे गिऱ्हाइक राहिले तरच दुकानदार तो ठेवील, आणि दुकानदाराने ठेवला तरच कुलूचा शेतकरी तो पिकवील. मागणी तुटली तर एखादा वाण कुणी न मारताही मरतो.

हौशी माणूस म्हणेल, आमच्या घरात शीतकपाट आहे, त्यातच कुलू निर्माण करू. कल्पना चुकीची नाही. लिंबाएवढे निरोगी कंद, पाला दोन बोटे ठेवून, ओलसर वाळूत घालून आठ-दहा आठवडे चार-पाच अंशांत ठेवले तर थंडीची अट पुरी होते. परंतु बाहेर काढून लावल्यावर चैत्राचे ऊन लागले की मिळालेली थंडी झाड विसरू शकते. कडक उष्णतेने ती आज्ञा पुसली जाते. सावली, आडोसा, पावसाआधी छप्पर असे सगळे करून कुणाला दोन दांडे फुलवून पाहायचे असतील तर अवश्य पाहावेत. शाळेतल्या मुलांना दाखविण्यासारखा तो प्रयोग आहे. फक्त एक सावधगिरी. बिटाचा पराग वाऱ्यावर दूरवर जातो, आणि पालक ही त्याचीच जात असल्याने दोघांचा संकर सहज होतो. त्या दिवसांत शेजारच्या वाफ्यात पालक फुलला असेल तर पुढच्या वर्षी उगवेल ते धड बीट नव्हे, धड पालक नव्हे.

ज्यांना खरोखर स्वतःच्या हाताने बी धरावयाचे आहे, त्यांनी पालकापासून आरंभ करावा. देशी पालकाला कुलूची थंडी लागत नाही. कार्तिकात पेरलेल्या पालकाच्या दहा-पंधरा उत्तम झाडांची पाने दोन-तीनदाच खुडून ती मोकळी सोडावी. जी झाडे सर्वांत आधी फुलण्याची घाई करतात ती उपटून टाकावी, कारण आपल्याला पाने हवी आहेत. उशिरा फुलणारी राखावी. दांडे तपकिरी झाले की उन्हाळ्यात, वळवाच्या आधी, कापून सावलीत वाळवावे. बी हुबेहूब बिटासारखेच खडबडीत निघते. बियाणे धरण्याची सगळी विद्या या एका वाफ्यात शिकता येते.

ही विद्या आपल्याकडे नवी नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी घेवडा, वाल, भात आणि रानभाज्या यांची स्थानिक बियाणी जमविली, ‘बायफ’ या संस्थेच्या साह्याने घरी बियाणे-कोठी उभारली, आणि २०२० सालच्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचे नाव आले तेव्हा शहरांतल्या लोकांना ‘बीजमाता’ हा शब्द कळला. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंचे काम पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. त्यांनी जपले ते मुख्यतः त्या डोंगरात फुलणारे आणि तेथेच बी धरणारे वाण. हिरडस मावळातही वेलावरचा घेवडा, दोडका, काकडी, तांबडा भोपळा यांचे बी आज्जीच्या मडक्यातून सुनेच्या मडक्यात जात आले. बीट हा परसातला पाहुणा आहे. हे घरचे लोक होत. आमचे मत विचाराल तर पाहुण्याला एक वाफा आणि घरच्यांना चार, असे प्रमाण असावे. कायदाही यास अनुकूल आहे. वनस्पती वाण आणि शेतकरी हक्क यांविषयीच्या २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला आपल्या शेतातले बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. दुसऱ्याच्या संरक्षित वाणाचे बी छापील नावाने विकता येत नाही, एवढीच मर्यादा.

शेवटी उरलेल्या पुडीविषयी. बिटाचे बी कोरडे आणि गार राहिले तर चार-पाच वर्षे उगवते. हिर्डोशीच्या पावसाळ्यात मात्र कागदी पुडी फळीवर ठेवली तर पुढच्या कोजागिरीला निम्मीही उगवण मिळेल याची खात्री नाही, कारण बी हवेतला ओलावा पिते. बियाणेशास्त्रात एक ठोकळ नियम आहे: बियांतला ओलावा एका टक्क्याने उतरला की तिचे आयुष्य दुप्पट होते, आणि तापमान पाच अंशांनी उतरले की पुन्हा दुप्पट. तेव्हा वैशाखात बी दोन दिवस सावलीत पसरावे. मूठभर तांदूळ कढईत तांबूस होईपर्यंत भाजून, निवताच काचेच्या बरणीत तळाशी घालावे, त्यावर फडक्यात बांधलेले बी ठेवावे, आणि झाकण घट्ट लावून त्यावर मेण ओतावे. भाजलेला तांदूळ बरणीतला ओलावा ओढून घेतो. बरणीवर वाणाचे नाव आणि साल लिहावे, चुलीपासून दूर, अंधाऱ्या खोलीत ठेवावी, आणि भाद्रपदात दहा गोळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून पाहाव्यात. सहा-सात उगवल्या तर कोजागिरीला तेच बी पेरावे. तीन-चारच उगवल्या तर दुप्पट दाट पेरावे आणि नव्या पुडीसाठी भोरच्या बाजाराला जावे.